लाँचच्या बॅटरीवर नारळ

आमच्या गावात लाँचच्या बॅटरीची काळजी वर्षातून एकदाच घेतात, दसऱ्याला. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि तिच्याच डोक्यावर फोडलेला नारळ. नारळाचं पाणी टर्मिनलवर सांडतं, महिन्याभरात तिथं हिरवट-पांढरा बुरा चढतो, आणि लाँच समितीचे अध्यक्ष म्हणतात, "देवाचं हाय, पुसू नका."

धरणाच्या फुगवट्यापलीकडे राहणाऱ्या आम्हाला भोरला जायला दोनच वाटा. एक डोंगराकडेचा रस्ता, दुसरी ही लाँच. पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली की उरली एकच.

चैत्रात पाणी मागं हटतं, लाँच चिखलात बसते आणि बॅटरी काढून गावात आणतात. शहाणपण इथवरच. मग तीच बॅटरी यात्रेच्या भोंग्याला, त्यानंतर कुणाच्या तरी हळदीला. जीव जाईस्तोवर वापरायची आणि समितीच्या खोलीत खुर्च्यांखाली ढकलून द्यायची. ती आधी चार्जिंगला लावा, असं मी भर बैठकीत सांगितलं. अध्यक्ष हसले.

"अगं पोरी, ती नुसती पडून हाय. काम न्हाई, धाम न्हाई, मग खर्चंल कशी?"

बॅटरीलाही त्यांनी समितीची सदस्य समजलं असावं, पडून राहिली की ताजी. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसतो. मग कितीही चार्ज करा, ती काही घेत नाही. हे सगळं मी पत्रकात छापलं, घरोघर वाटलं. पुढच्या लग्नात त्याच पत्रकांवर भजी वाढली गेली.

श्रावणात दरड आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. वहिनी उत्रोलीची. भोर तिथून हाकेवर. ते सोडून आमच्या गावात नांदायला आली, ही तिची चूक. पहिलं बाळंतपण ऑपरेशनचं, त्यामुळे दुसरं घरी करायचा प्रश्नच नव्हता. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स येऊन उभी राहिली. अलीकडे लाँचच्या चालकानं बटण दाबलं. टक्. परत दाबलं. टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. आणि हँडल मारून सुरू होईल असं ते इंजिन नाही.

"काल दिवसभर चार्जिंगला होती, ताई."

"मेलेल्याला सलाईन लावून उठवता का?" मी म्हटलं.

अध्यक्ष, म्हणजे आमचे तात्या, छत्री घेऊन आले. "नवी मागितलीय आमी. वर कळवलंय. मंजुरीला टाईम लागतो."

त्यांच्या मागं त्यांची जीप उभी होती, नुकतीच धुतलेली.

"तात्या, जीपची काढा."

"खुळी का काय तू? माझी गाडी बंद पडंल की!"

"चाललीय कुठं गाडी? रस्ता तर दरडीखाली हाय."

लोक हसले. वहिनी हसली नाही. ती दात आवळून धक्क्याच्या पायरीवर बसली होती. मग पुरुषांपुढं कधी तोंड न उघडणारी माझी आई बोलली, "काढा वो भावजी. न्हाईतर हिला पाठीवर घिऊन तुमीच पवत जावा."

तात्यांनी वहिनीकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि चावी दिली. चालकानं पाना लावला. जीपची बॅटरी लाँचला जोडली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. दुपारी भोरला मला पुतणी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी परतलो तर धक्क्यावर तात्या उभे. पोरगी की पोरगा, आई कशी आहे, काही नाही. "बॅटरी?"

मी येताना भोरातून कुलूप आणलं होतं. लाँचमधल्या बॅटरीच्या पेटीला ते घातलं.

"आधी लाँचला नवी आणा, मग तुमची न्या."

चिडले, माझ्या बापाकडं गेले, गावभर मला पुढारीण म्हणत फिरले. पण वर कळवून जी मिळत नव्हती, ती नवी बॅटरी दरड हटायच्या आत आली. ती आल्यावर मी त्यांची परत दिली. कुलूप मात्र तसंच ठेवलं.

दसऱ्याला तात्या नारळ घेऊन आले. पुतणीला मांडीवर घेऊन मी पेटीवरच बसले होते. त्यांना धक्क्याचा दगड दाखवला. नारळ तिथं फुटला.

आता चैत्रात पाणी हटेल, यात्रा येईल, भोंग्यासाठी माणसं बॅटरी मागायला येतील. किल्ली माझ्याकडं आहे. वहिनी म्हणते, देऊ नको.