दिवसाला सहा कप हिरवा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाटलीकाका म्हणत. सव्वीस वर्षं काचेच्या बाटल्या धुण्यात गेली, पण दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत बिचारे. नाव ऐकून नवी मंडळी गालातल्या गालात हसत आणि काका आपल्या कामाला लागत. काम साधंच. प्रयोग संपला की कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या प्लास्टिकच्या बश्यांत ब्लीच ओतायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग त्या फेकून द्यायच्या.

बायकोच्या पोटात गाठ निघाली, त्याच महिन्यात एका विद्यार्थिनीनं त्यांना कौतुकानं सूक्ष्मदर्शकाखाली दोन बश्या दाखवल्या. एकीत पेशी दाटीवाटीनं तळाला चिकटलेल्या. दुसरीत हिरव्या चहाचा अर्क घातलेला. तिथल्या पेशी आक्रसून, सुटून तरंगत होत्या. काकांनी पुढचं काही विचारलंच नाही. संध्याकाळी हिरव्या चहाचा डबा घेऊन घरी गेले.

बायको पक्की चहाबाज. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा पोटात गेल्याशिवाय तिला सकाळ झाल्यासारखं वाटत नसे. तो बंद झाला. आता दिवसाला सहा कप हिरवा, बिनसाखरेचा. काकांनी स्वतः एकदा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ती मात्र कप रिकामा करून म्हणायची, "छान झालाय." एकदाच, चौथ्या महिन्यात, तिनं विचारलं, "रविवारी तरी माझा चहा द्याल का हो?"

"बरी हो आधी. मग हवा तेवढा पी," काका म्हणाले.

गाठ वाढतच गेली. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी औषधं थांबवली, तेव्हा काका प्रयोगशाळेच्या मॅडमकडे गेले. "मॅडम, तुम्ही अर्क किती घालता? माझे कप कमी पडत असतील."

मॅडमनी त्यांना आधी खुर्चीत बसवलं. "काका, तेवढा अर्क रक्तात उतरायला बादलीभर चहाही पुरायचा नाही. आणि बशीत जे होतं ते माणसात होतंच असं नाही. तुम्ही रोज ब्लीच ओतता ना? त्यानंही पेशी मरतातच की."

काका आपल्या हातांकडे बघत राहिले. बशीतल्या पेशी मारणं किती सोपं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी आशेपायी त्यांनी तिच्या तोंडचा चहा काढून घेतला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी आल्या आल्या, बूटही न काढता, त्यांनी दुधाचा चहा केला. तिचं डोकं हातावर घेऊन चमच्याचमच्यानं पाजला. तीन चमचे कसेबसे गेले. चौथा ओठांवरून ओघळला, तो त्यांनी बाहीनं पुसला.

"छान झालाय," ती डोळे मिटून म्हणाली.

उरलेला कप घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशी उभं राहून एक घोट घेतला. घाईत साखर घालायचीच राहिली होती.