सासूबाईंचं हॉरिबल

जावईबापूंनी सासूबाईंच्या दुकानात काडीचंही काम केलं नव्हतं, तरी नुसतं तोंड उघडून त्यांनी दुकानाचं वर्षभराचं काम घालवलं. गृहस्थ शाळेत इंग्रजी शिकवायचे. कुणी विचारलं की अर्थ सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. सुट्टीत सासुरवाडीला आले, घरी करमेना, म्हणून दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले होते.

सासूबाई कोट शिवायच्या. त्यांच्यापाशी इंग्रजीचा एकच शब्द, पण तो मोजपट्टीसारखा कायम हाताशी. गिऱ्हाईक अर्धवट कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की ओठांत टाचण्या धरून त्या त्याच्याभोवती फेरी मारत आणि म्हणत, "हॉरिबल." मग खडूची रेघ, एखादी टाचणी, पुन्हा फेरी. शब्द निघेनासा झाला की समजावं, कोट बसला. 'वाईट' मात्र त्या कोटालाही म्हणत नसत आणि शेजारणीलाही. मराठीत बोललेलं माणसाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या गिऱ्हाइकांना तर हा शब्द शिवणकामातलाच वाटे: कॉलर, अस्तर, हॉरिबल.

बँडमास्तर नवे. त्यांचा कोट पसंत पडला तर अख्ख्या बँडचे कोट सासूबाईंकडे येणार होते. कच्चे टाके घातलेल्या, एकाच बाहीच्या कोटात ते उभे असताना शब्द कानावर आला. काहीतरी कौतुकाचं असावं म्हणून त्यांनी खुशीत विचारलं, म्हणजे काय हो? सासूबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. जावईबापूंच्या तोंडात काहीच नव्हतं. भयंकर, किळसवाणं, अंगावर काटा आणणारं, असे तीन अर्थ त्यांनी फुकटात देऊन टाकले. बँडमास्तर त्या एका बाहीनिशी तरातरा निघून गेले.

जावयाला बोलायचं कसं, म्हणून सासूबाईंनी बोलणंच टाकलं. मुकाट टाचण्या लावू लागल्या. त्यानं जुनी गिऱ्हाइकंच हवालदिल झाली. बाई गप्प आहेत म्हणजे कापड वाया गेलं की काय, असं एकानं जावईबापूंना कोपऱ्यात घेऊन विचारलं. जावईबापूंनी 'अनप्लेझंट' हा सौम्य शब्द सुचवून पाहिला. सासूबाईंनीही म्हणून पाहिला. सगळ्या टाचण्या ओठांतून खाली.

पुढच्या आठवड्यात बँडमास्तर परत आले. समोरच्या शिंप्यानं दर ट्रायलला "झकास, झकास" करत तो कोट पुरा करून दिला होता. सरावाला मास्तरांनी छडी उचलली आणि ट्रम्पेटच्या आधी काख वाजली. आता ते आरशासमोर हात वर करून उभे, काखेतून अस्तर बाहेर डोकावतंय. सासूबाईंनी फेरी मारली. जावयाकडे एक नजर टाकली. जावईबापू पंख्याकडे बघू लागले.

"हॉरिबल," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "चला, कुणीतरी खरं बोललं," ते म्हणाले. "बाकीच्यांना मापाला कधी पाठवू?"

संध्याकाळी दुकानाला कुलूप लागत असताना जावईबापूंनी धीर करून विचारलं, "आई, उद्या येऊ ना दुकानात?"

"या. अर्थ तेवढा घरी ठेवून या."