खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

आयुष्यात मी एकच गोष्ट नीट अभ्यास करून निवडली. कॉलेज मार्कांनी निवडलं, बायको मामांनी पसंत केली आणि गडचिरोलीची नोकरी दुसरं कोणी जायला तयार नव्हतं म्हणून माझ्या पदरात पडली. पण कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर मी तीन-तीन तपासून, तुलनेचा तक्ता मांडून निवडलं. त्या निवडीचं फळ भोगलं मात्र दुसऱ्याच कोणीतरी, आणि हे कागदावर लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. आमचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या घरातल्या चार खोल्या आणि पाच कॉम्प्युटर. तलावांवर आणि नदीवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचं सर्वेक्षण चाललं होतं. कोणाकडे डोंगा आहे, जाळी किती, कोणत्या तलावात हक्क, अशी माहिती गावोगावहून अर्जांवर भरून यायची आणि ती कॉम्प्युटरवर चढवायची. तेवढ्यात वरून हुकूम आला की सगळी मशीनं लिनक्सवर न्या. लिनक्स फुकट, त्यात व्हायरस नाही, म्हणून साहेब लोक खूश. फक्त आमचा मराठी अर्जांचा प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय चालत नाही, हे हुकूम काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा लिनक्सच्या पोटात विंडोज बसवणं आलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, आणि ते फक्त मलाच माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असावं याची मी काळजी घेत असे.

आमच्याकडचं इंटरनेट चालण्यापेक्षा तुटायचं जास्त. म्हणून मी एसटीनं चंद्रपूरला जाऊन एका कॅफेत तीन सॉफ्टवेअर सीडीवर उतरवून आणली. पहिलं इतकं सुस्त, की एक अक्षर दाबून चहा पिऊन यावं तेव्हा ते पडद्यावर उमटायचं. दुसरं झकास होतं. वेगही होता आणि पेन ड्राईव्ह लावला की आतल्या विंडोजला तो दिसायचा. पण ते महिनाभरच फुकट, पुढे विकत. तिसऱ्याच्या आम्ही घेतलेल्या आवृत्तीत पेन ड्राईव्ह आत पोचत नसे, प्रिंटरही नाही. पण त्यात एक जादू होती. मशीनचा एका क्षणाचा फोटो काढून ठेवायचा, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काहीही बिघडलं तरी मशीन परत त्या क्षणावर नेता येई.

त्या जादूवर मी भाळलो. मोठ्या साहेबांसमोर आतल्या विंडोजच्या निम्म्या फायली पुसून टाकल्या, विंडोज मेलं. मग एक बटण दाबलं आणि सगळं होतं तसं परत. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पेन ड्राईव्ह आत जात नाही, मग माहिती बाहेर कशी काढायची, हे त्यांनी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही. व्हायरसही आत जाणार नाही, असं तक्त्यात ऐटीत लिहिलं आणि बाकीचं शेवटी बघू म्हणून सोडून दिलं. साहेबांनी त्या तक्त्यावर सही करून तो वर पाठवला. इतर तालुक्यांनीही हेच वापरावं, असा शेराही मारला.

अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचं काम एका बाईंकडे होतं. वैनगंगेकाठच्या मासेमार घरातल्या. बाप, भाऊ, नवरा सगळे पाण्यावरचे. घरातून ऑफिसात येऊन बसणाऱ्या त्या पहिल्याच. टायपिंग शिकलेल्या, कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या. त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची, दिवाळीला संपणारी. सर्वेक्षण वेळेत पुरं झालं तर पुन्हा ऑर्डर देतो, असं साहेब सगळ्यांसमोर बोलले होते. त्यामुळे बाईंनी पावसाळाभर मान वर केली नाही. अर्जातलं चुकलेलं जाळ्याचं नाव त्या स्वतः दुरुस्त करायच्या. "हे लिवणाऱ्यानं जाळं पाह्यलंच नाई कधी," म्हणायच्या.

आतलं विंडोज सुरू व्हायला वीस मिनिटं लागायची आणि लाइट तर दिवसातून तीनदा जायची. म्हणून मी बाईंना सांगितलं होतं, की ते कधी बंदच करायचं नाही. संध्याकाळी नुसतं झोपवायचं, सकाळी उठवायचं, की काम जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. तशी चिठ्ठीही टेबलावर चिकटवली. का बंद करायचं नाही, एवढंच काय ते सांगितलं नाही. खरं कारण तर माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. बंद करताना जी खिडकी यायची तिच्यात तळाशी एक बारीक चौकोन होता: बंद करताना जुन्या स्नॅपशॉटवर परत जावं का? साहेबांना जादू दाखवायच्या तालमीत मीच त्यात बरोबरची खूण केली होती आणि ती काढायची विसरलो होतो. जूनपासून ती तशीच होती.

खंडेनवमीला ऑफिसात हत्यारांची पूजा. शिपायानं झेंडू आणला, बाईंनी घरून हळदकुंकू आणलं. सगळी मशीनं पुसून ओळीत मांडली. मी साहेबांच्या मशीनवर काहीतरी करत होतो. बाई दारात आल्या.

"भाऊ, आतलंबी बंद करू काय जी? पूजा हाये."

"झोपवा ना."

"झोपलेलं चालत नाई. आमच्याकडे जाळ्याची पूजा करतेत तवा जाळं पाण्यातून पुरं बाहीर काढतेत, सुकवतेत. आज त्याले आराम पायजे."

त्यांचं बोलणं मला गोड वाटलं. मान वर न करता मी म्हणालो, "करा."

त्यांनी नीट बंद केलं. आधी विंडोज, मग ती खिडकी. खूण होती तशी राहू दिली, कारण ती मी केलेली होती. मग पडद्याला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी प्रसादाचे दोन पेढे खाल्ले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर बाई पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. प्रोग्राम उघडा होता आणि त्यात एकही अर्ज नव्हता. जूनमधला कोरा प्रोग्राम.

"भाऊ, हे मागं गेलं वाटते," त्या म्हणाल्या. त्यांना बरोबर कळलं होतं, साहेबांना जादू दाखवली तेव्हा त्याही तिथे उभ्या होत्या. "मंग आता त्याले पुढं नेऊन द्या ना जी. सुट्टीच्या आदल्या दिवसावर."

पुढे नेता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मी गंमत करतोय असं वाटून त्या थोड्या हसल्या. मग त्या चहाच्या निमित्तानं बाहेर गेल्या आणि मी काय केलं? सगळ्यात आधी तो चौकोन उघडून खूण काढून टाकली. माहिती वाचवायचा विचार नंतर आला. आधी हात तिकडे गेला. तो हात माझाच होता, हे मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

पंधरा दिवसांत सर्वेक्षणाची यादी वर जायची होती. अर्जांची पोती मागच्या खोलीत होती, पण चार महिन्यांचं काम पंधरा दिवसांत परत कोण चढवणार? साहेबांनी दार लावून आम्हा दोघांना बोलावलं.

"चूक सॉफ्टवेअरची की माणसाची?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. सॉफ्टवेअर चुकलं म्हणावं तर निवड चुकली. निवड चुकली म्हणावं तर साहेबांची सही आणि शेरा चुकला. साहेबांच्या डोळ्यांत उत्तर आधीच तयार होतं, मला फक्त ते वाचून दाखवायचं होतं.

"बंद करायचं नाही, हे सांगितलेलं होतं," मी म्हणालो. "चिठ्ठीही आहे."

बाईंनी मान हलवली. "हो जी, चिठ्ठी हाये." 'तुम्हीच करा म्हणालात ना,' एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली, हे खरं आहे. त्या बोलल्या असत्या तर मीही कबूल झालो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. आता सांगत नाही. मला बोलायला कोणी बंदी केली होती?

साहेबांनी मला तांत्रिक अहवाल लिहायला लावला. मी दोन वाक्यं लिहिली. लेखी सूचना असताना ऑपरेटरने यंत्रणा बंद केल्यामुळे माहिती नष्ट झाली. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष नाही. दोन्हीत खोटा शब्द एकही नाही, आणि त्याची मला आजही चीड येते. खोटं लिहिलं असतं तर निदान खोटारडा म्हणून तरी मोकळा झालो असतो.

खाली ऑपरेटरची सही हवी होती. कागद घेऊन मीच बाईंच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी आपला डबा, पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली होती.

"वाचून घ्या, बाई."

"तुमीच लिवलं ना, भाऊ? मंग बरोबरच असन."

त्यांनी सही केली. सुबक, टायपिंगच्या परीक्षेत करावी तशी पूर्ण नावाची. पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेल्या, तिथून परत आल्या.

"माह्या जागेवर जे कोणी येईन, तिले पूजेच्या दिवशी बंद नको करू म्हणून सांगजा जी. मले तुमी होते समजून सांगाले. तिले कोणी नाई सांगतलं तं तिचीबी नोकरी जाईन."

मी सांगतो म्हणालो.