कोरा कागद

मी शाळामास्तर असून मनाच्या डॉक्टरांच्या प्रश्नपत्रिकेत शेजाऱ्याची कॉपी केली.

छातीत धडधड व्हायची, झोप उडाली होती, म्हणून सोलापुरातल्या त्या दवाखान्यात गेलो होतो. आजार भीतीचा की उदासीचा, हे एका सायक्लोस्टाइल कागदावरून ठरायचं आणि गोळ्याही तशाच मिळायच्या. उत्तर चुकायला नको, म्हणून मी बाकावरच्या विणकराच्या कागदात हळूच डोकावलो.

कागद गोळा करायचा तिथला कंपाउंडर. पुढे वर्षभर तिथं जात राहिलो, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर पेन्सिल, टोपी तिरकी. ज्यांना वाचता येत नसे त्यांना तो आपल्या भाषेत विचारायचा, "आज्जी, उद्या कायतरी वंगाळ हुईल म्हणून जीव घाबरतोय, का उद्याचं कायच वाटंना झालंय?" आणि उत्तर येईपर्यंत निवांत पेन्सिलीला टोक काढत बसायचा.

माझा कागद त्यानं दोनदा वाचला.

"भूक न्हाय, कशात मन लागत न्हाय, असं लिवलंय की. मग शर्टावर ही शेंगाचटणी कुणाची?"

त्यानं कागद फाडला, कोरा घेतला आणि शेजारी बसून एकेक प्रश्न नव्यानं विचारला. कितीतरी महिन्यांनी मी खरं बोललो. निम्मी धडधड तिथंच गेली.

उठताना विचारलं, "मग मला उदासी आहे का हो?"

"ते डॉक्टर सांगतील. पन गुरुजी, उदास मानूस मार्कासाटी मान वाकडी करत न्हाय. तुमाला नापास व्हायचं भ्या हाय."