आमच्या आकाशाची कोरी पट्टी

मी खोटं लिहिलं ते इंग्रजीत, आणि एकाच वाक्यात. ते वाक्य कुठवर जाईल याचा अंदाज तेव्हा मला नव्हता. अर्थात, असता तरी मी ते लिहिलं नसतं, असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

अंबरनाथच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. राहते बदलापूरला, बेलवलीत. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाला एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून एक रिसीव्हर मिळाला. गच्चीवर उपड्या पातेल्याएवढा पांढरा अँटेना, तिथून खाली आलेली केबल, आणि लॅबच्या कोपऱ्यात एक छोटा कॉम्प्युटर. काम एकच. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांचे संदेश दिवसरात्र ऐकायचे आणि ते किती थरथरतात ते नोंदवून इंटरनेटवरून पाठवत राहायचं. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की त्याचा धक्का पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचाला बसतो, हवेचा सगळ्यात वरचा विद्युतभारित थर खवळतो, आणि मग विमानांची दिशादर्शक यंत्रं, जहाजांचे रेडिओ, विजेच्या लांबलांबच्या लाइन्स, सगळ्यांनाच त्रास होऊ शकतो. असं वादळ काही कुठल्या एका देशावर येत नाही. पण प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरचं तेवढंच आकाश दिसतं. म्हणून असे रिसीव्हर कितीतरी देशांत बसवलेत, आणि सगळ्यांचे आकडे एकत्र ठेवून पुढच्या वेळेस आधी इशारा कसा देता येईल, ते शोधणं चाललंय. आमचा पट्टा त्यात महत्त्वाचा. विषुववृत्तावरून वर उसळलेला तो थर आमच्याच आसपास खाली उतरतो. या भागात केंद्रंही फार नाहीत.

केंद्राची प्रमुख मी. रोज रिसीव्हरकडे बघायच्या मात्र आमच्या लॅबमधल्या ताई. त्या लॅब अटेंडंट, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून यायच्या. हिरवा दिवा चालू आहे ना, एवढंच बघायला मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी स्वतःहून एक वही खिळ्याला टांगली आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यात खूण करायला लागल्या. एकदा फरशी पुसता पुसता त्यांनी विचारलं, की दुसऱ्या देशांतही असा दिवा बघायला कोणी असेल का. असेल की, मी म्हटलं. त्यांना ते फार आवडलं. नंतर कधीतरी म्हणाल्या, घरी सांगितलं तर सून हसली, पण नातीने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

त्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती. माझ्या मुलीची बाहेरच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा शनिवारी सकाळी होती, घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर बसून. मध्ये इंटरनेट गेलं तर पेपर रद्द. आमच्याकडे त्या आठवड्यात वीज येत होती, जात होती. मुलगी रडकुंडीला आलेली. शुक्रवारी दुपारी मी कॉलेजात गेले आणि रिसीव्हरचा यूपीएस काढला. प्रकल्पातून आलेला, चांगला, जड. रिसीव्हर मी सरळ भिंतीच्या प्लगला लावून दिला. दोन दिवसांचा तर प्रश्न, सोमवारी परत आणू.

यूपीएस एकटीला उचलेना. ताई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी एका बाजूने धरला, जिने उतरलो, रिक्षात ठेवला. मुलीचं काय चाललंय ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, होईल चांगलं, काळजी करू नका. एवढंच विचारलं, "मशीनला चालेल ना, मॅडम?"

मी म्हटलं, चालेल.

सूर्यावर काहीतरी मोठं घडतंय, असे इशारे प्रकल्पाच्या मेलवर दोन दिवसांपासून येत होते. ‘सर्व केंद्रांनी यंत्रणा तपासून घ्यावी.’ मी ते वाचले होते. म्हणजे मला माहीत नव्हतं, ही सबबही माझ्याकडे नाही. असे इशारे अधूनमधून येतात, बहुतेक वेळा विशेष काही होत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

शुक्रवारी संध्याकाळी अंबरनाथला वारा सुटला आणि दहा मिनिटं वीज गेली. परत आली, पण रिसीव्हरचा कॉम्प्युटर आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. दाबायला कोणी नव्हतं. त्याच रात्री गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ पृथ्वीवर आदळलं. शनिवारी दुपारी पेपर चांगला गेला म्हणून आम्ही आइस्क्रीम आणलं, आणि खाता खाता मुलीने फोनवर लडाखच्या आकाशातल्या लाल उजेडाचे फोटो दाखवले. मला इशाऱ्यांचे ते मेल आठवले. तरीही मी त्या दिवशी अंबरनाथला गेले नाही. वाटलं, चालूच असेल. सोमवारी यूपीएस घेऊन गेले, तर दिवा विझलेला.

दोन दिवसांनी मेल आला. प्रकल्पाचं काम पाहणाऱ्या बाई पेरूमधल्या, वयस्कर इंजिनिअर, त्यांचं केंद्र आमच्यासारख्याच पट्ट्यात, पण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. सगळ्या केंद्रांचा एक तक्ता त्यांनी पाठवला होता. प्रत्येक केंद्राची एक आडवी पट्टी, त्यात रंगांनी भरलेलं वादळ. आमची पट्टी शुक्रवार संध्याकाळपासून कोरी. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं, की काय झालं ते कळवाल का, म्हणजे पुढे काळजी घेता येईल.

मी लिहिलं, ‘सफाई करताना आमच्या अटेंडंटकडून चुकून मुख्य स्विच बंद झाला.’

हे वाक्य सगळ्यांना पटेल, हे लिहितानाच मला ठाऊक होतं. का पटेल, तेही ठाऊक होतं. झाडूपोछा करणारी बाई, तिला काय कळणार, असं कोणी बोलून दाखवत नाही, पण त्या वाक्यावर दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. लहानपणापासून आमच्या घरी काही सापडेनासं झालं की पहिलं नाव कामवालीचंच निघायचं. मला ते आवडायचं नाही, असं मी मोठेपणी पुष्कळदा बोलले आहे.

मेलची प्रत नियमाप्रमाणे प्राचार्यांना जात होती, हे पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी ताईंना मेमो काढला. ताई बुद्धपौर्णिमेच्या रजेवर होत्या, विहारातल्या कार्यक्रमाची तयारी त्यांच्याकडे असायची. त्यांना पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बोलावून घेतलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीही बसले होते, विभागातर्फे. त्यांनी ताईंना विचारलं, स्विच तुम्ही बंद केला का? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. मी समोरच्या फाईलवरचं लेबल वाचत राहिले.

"माझ्या हातून नाही झालं, साहेब," त्या म्हणाल्या.

मग कोणाकडून झालं, साहेबांनी विचारलं. वही दाखवू का, एवढंच ताई म्हणाल्या. साहेब म्हणाले, वहीचं काय करायचंय, पुढे लक्ष ठेवा. मेमो त्यांच्या सर्व्हिस फाईलला लागला. सगळं पाच मिनिटांत आटोपलं आणि मी चहा प्यायला स्टाफरूममध्ये गेले.

जुलैत सगळ्या केंद्रांची ऑनलाइन बैठक झाली. आमच्याकडे संध्याकाळ होती, पेरूत सकाळ. पडद्यावर पंधरा-वीस देशांतली माणसं. वादळातून कोण काय शिकलं, हा विषय. पेरूच्या बाईंनी पूर्वतयारीवर सादरीकरण केलं आणि त्यातलं एक पान आमच्यावर होतं. कॉलेजचं नाव नव्हतं. ‘भारतातलं एक केंद्र’ असं होतं, आणि एका झाडूचं चित्र. त्या म्हणाल्या, यात त्या सफाई करणाऱ्या बाईंचा दोष नाही, दोष आपला आहे, आपण त्यांना समजावून सांगत नाही. प्रत्येक केंद्राने प्लगवर स्थानिक भाषेत चिठ्ठी लावावी. हे मार्गदर्शक पुस्तिकेतही घालणार आहोत. आफ्रिकेतल्या एका केंद्राचा माणूस हसून म्हणाला, आमच्याकडेही असंच होतं. कोणीतरी टाळ्यांचं चिन्ह पाठवलं.

माझा कॅमेरा चालू होता. मी मान हलवली. त्या चौकोनात मला माझाच चेहरा दिसत होता, समजूतदार, थोडा खजील, जसा असायला हवा तसा. त्या चेहऱ्याची मला शिसारी आली.

माझ्या एका वाक्यातून ताई आता पंधरा-वीस देशांत पोचल्या होत्या. आणि त्या परक्या बाई, ज्यांनी ताईंना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांची बाजू घेत होत्या. मी ती घेतली नव्हती.

तरी कबूल करायला मला आणखी तीन आठवडे लागले. त्यातही मी सोपी बाजू आधी निवडली. लांबची. पेरूला मेल लिहिला: यूपीएस मी घरी नेला होता, अटेंडंटने काही केलेलं नाही, मी खोटं कळवलं. पाठवून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला. मुलीने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. त्यांनी आभार मानले. ते पान काढून टाकते म्हणाल्या. आमची पट्टी कोरीच राहू द्या, आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरू नका, असं लिहिलं. आणि शेवटी विचारलं, ‘त्या बाईंना हे सांगितलंत का?’

शिरा आठवून मला कसंतरीच झालं.

त्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर मी ताईंना थांबवलं. त्या बीकर पुसून कपाटात ठेवत होत्या. मी सांगितलं, की मी तुमच्यावर खोटं ढकललं, माझं चुकलं. त्यांनी हातातला बीकर आधी नीट आत ठेवला.

"मला कशाला सांगता, मॅडम? मला माहीतच होतं. यूपीएस खाली मीच तर आणला."

मग तेव्हा साहेबांसमोर का बोलला नाहीत, असं मी विचारलं. कुठून ते सुचलं देव जाणे. माझ्या चुकीचाही खुलासा मी त्यांनाच विचारत होते.

"तुम्ही बसला होता ना तिथं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. रोज त्या ती स्वतः खिळ्याला लावायच्या.

प्राचार्यांकडे मी अकरा दिवसांनी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, झालं ते झालं. साधा मेमो आहे, तिचं काही नुकसान नाही. तुमचंच नाव खराब होईल, शिवाय प्रकल्पाची वस्तू घरी नेली म्हणून चौकशी लागेल ती वेगळी. आणि मी, ठीक आहे सर, म्हणून बाहेर आले. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पूर्ण एक दिवस मला बरं वाटत होतं.

नंतरचे दिवस ताई लॅबमध्ये येत होत्या, काम करत होत्या, जाताना ‘येते मॅडम’ म्हणत होत्या. वहीत खुणा करणं त्यांनी थांबवलं नव्हतं. डबा मात्र आता लॅबमध्ये खात नव्हत्या. आधी आम्ही कधीकधी एकाच टेबलावर खायचो. त्यांच्या सुकटीच्या चटणीची मी नेहमी तारीफ करायची, पण खरं सांगायचं तर एकदाही चाखली नव्हती. मासे मला चालतात.

गणपतीच्या सुट्टीनंतर मी प्राचार्यांना लेखी पत्र दिलं आणि आवक नोंदवहीत त्याचा नंबर घेतला, म्हणजे ते परत मिळणार नाही. चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली, केंद्राची जबाबदारी एका तरुण सहकाऱ्याकडे गेली. ताईंचा मेमो रद्द केल्याचा कागद निघाला. पण आधीचा मेमो फाडत नाहीत म्हणे, दोन्ही कागद फाईलमध्ये एकापाठोपाठ राहतात. ताईंनी लायब्ररीत बदली मागून घेतली होती, ती त्याच आठवड्यात झाली.

जायच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. मी साहेबांना जे लिहून दिलं होतं त्याची एक प्रत त्यांना हवी होती. पत्र इंग्रजीत होतं. त्या म्हणाल्या, मराठीत द्या, घरी वाचून दाखवायचंय. मी तिथेच कागद घेतला आणि हाताने मराठी करून दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, सावकाश, सगळं. मग एका ओळीवर बोट ठेवून कागद माझ्यापुढे धरला. मी लिहिलं होतं, ‘या प्रकरणात गैरसमज झाला.’

"गैरसमज कुणाचा झाला, मॅडम?"

मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘मी खोटं लिहिलं.’ खाली सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि पुस्तकांचा गठ्ठा यायचा आहे म्हणून निघाल्या.

इंग्रजी पत्रात ती ओळ अजून तशीच होती. ते पत्र परत मिळणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती ओळ दुरुस्त करणारं वेगळं पत्र दिलं आणि त्याचाही आवक नंबर घेतला.