खिलार बैलाचं हँडल

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दहावीनंतर मला सांगलीला शिकायला घालावं म्हणून ते माझ्या वडिलांशी भांडले. घरातला मी पहिला पदवीधर. पदवी इंजिनिअरिंगची आणि काम लहान मुलांची लाकडी खेळणी करण्याचं. आबा गावात सांगतात, "पोरगं कारखान्यात सायेब हाय." कारखाना म्हणजे माधवनगरात जुन्या गिरणीची एक शेड.

तिथं मला पहिलं स्वतंत्र खेळणं मिळालं, तेव्हा मी आबांचा खिलार बैल काढला. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला दावणीला खिलार असला की माणसाला दुसरी ओळख लागत नाही. कडुलिंबाची फळी, लेथवर काढलेली चाकं, वर जवसाच्या तेलाचा हात. भरलेलं वशिंड आणि उंच शिंगं. आबांना फोटो पाठवला. त्यांनी तो गावभर दाखवून जाहीर केलं की यंदा बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, मातीचे बैल आणायचे नाहीत. पाटावर हाच मांडायचा आणि पूजा झाली की रांगत्या नातीला द्यायचा.

मग मीटिंग झाली. आमच्याकडे खेळणं आधी मीटिंगमध्ये तासलं जातं, मग रंध्यावर. पुण्याच्या सल्लागार बाई स्क्रीनवर आल्या. मुलांना स्क्रीनपासून कसं वाचवावं, हे त्या स्क्रीनवरूनच सांगतात. त्या म्हणाल्या, शिंगं टोचतील. ते खरंच होतं. मी शिंगं अर्धी केली. आमच्याकडे तपासणीची एक नळी असते; तुटलेला तुकडा तिच्यात मावला तर तो बाळाच्या घशातही जाऊ शकतो. अर्धं शिंग तिच्यात झकास मावलं. शिंगं गेली. शेपटीचा दोरा बोटात अडकेल म्हणून शेपूट गेली. खोक्यावरचं 'अस्सल खिलार' मात्र राहिलं, आणि त्याखाली 'बाळाच्या मेंदूचा सर्वांगीण विकास'.

त्याच आठवड्यात आबा कामासाठी सांगलीला आले आणि नमुना बघायला थेट शेडमध्ये शिरले. बाजारात बैल पारखतात तसा त्यांनी खांद्यावर हात फिरवला, वशिंड दाबलं, दात बघायला तोंड शोधलं.

मालक कौतुकानं म्हणाले, "काय काका, कसा वाटला बैल?"

"ह्यो बैल व्हय? मला वाटलं, बटाट्याला चाकं लावल्यात."

मी म्हणालो, "आबा, शिंगं पोरांना टोचतात."

"माझा बैल कवा कुनाला टोचला रं?"

"आवं, तुम्हालाच. गेल्या बेंदराला."

"ती चूक माझी व्हती. शिंगं रंगवताना मी त्याच्याशी बोललो न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गड्या, लय जणांस्नी सांगून बसलोय. बिनशिंगाचा पाटावर कसा मांडू?"

चहा न घेता ते एसटीला गेले.

मी पुन्हा फळीवर पेन्सिल धरली. शिंगं मागे वळवत वळवत थेट वशिंडाला नेऊन जोडली. टोकच उरलं नाही. अंग आणि शिंगं एकाच फळीतून कापली, कडा गोल घासल्या. पुढच्या मीटिंगला बाईंनी विचारलं, "ही परत शिंगं का?"

"नाही मॅडम, हँडल आहे. बाळाच्या मुठीत बसेल असं."

"वा! पकड सुधारते," बाई म्हणाल्या. मालकांनी लगेच खोक्यावर ते छापायला सांगितलं.

बेंदराच्या आधी पहिला बैल मी आबांना पाठवला. त्यासोबतचं पत्र असं होतं:

ती. आबांना नमस्कार.

बैल पाठवतोय. शिंगं आहेत. मी स्वतः ओढून, आपटून बघितली, तुटत नाहीत. कंपनीच्या कागदावर त्यांना हँडल म्हणतात, पण गावात ते सांगायची गरज नाही. शिंगांना हिंगुळाचा लाल रंग लावू नका, छकुली ती तोंडात घालणार. तुम्ही मला शिकायला घातलंत, त्या शिक्षणातून सध्या एवढी दोन शिंगं निघाली आहेत. शेपटीला अजून मंजुरी नाही. म्हणून पाटावर मांडताना बैलाचं तोंड दाराकडे करा आणि पाट भिंतीला टेकवा.