रशियाच्या गाडीपायी गेलेली मिशी

माझ्या सासऱ्यांचा रशियाशी संबंध एवढाच, की त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते आणि तिथं काही रशियन इंजिनिअर यायचे. त्यातल्या एकानं ह्यांना कोटाला लावायचा लाल बिल्ला दिला. ह्यांनी तो घरी आणून खिळ्यांच्या डबीत टाकला. मामंजींनी तो काढला, चिंचेनं घासला आणि स्वतःच्या कोटाला लावला. त्या दिवसापासून आमचं घर रशियाचं झालं.

मामंजींनी आयुष्य जकात नाक्यावर काढलं होतं. मिशी जाड, टोकं वर वळवलेली. ट्रकवाले त्या मिशीला घाबरायचे असं ते सांगत. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात एखादी रशियन बाई भाजी घेताना दिसली की मामंजी थांबून तिला नमस्कार करायचे. ती बिचारी दचकून मेथीच्या दोन जुड्या जास्त घ्यायची.

एकोणसत्तर साली अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली, तेव्हा मामंजींनी दोन दिवस पेपर वाचून घेतला नाही. वाचून घेतला असं म्हणते, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि पेपर मी वाचायचे. सकाळी तांदूळ निवडता निवडता. माझं माहेर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचं. तिथल्या शाळेत चौथीच्या पुढं वर्ग नव्हता, त्यामुळे मीही नव्हते. जोडाक्षर आलं की मी अडखळायचे आणि मामंजी अंदाजानं शब्द पुरा करायचे. असं आमचं दोघांचं मिळून एक वाचन व्हायचं.

सत्तर सालची गोष्ट. तुळशीचं लग्न उरकलं होतं आणि आमच्या वन्संचं जमवायचं चाललं होतं. वन्सं म्हणजे माझी नणंद. रंगानं सावळी, तोंडानं फटकळ. दोघांनी तिला नाकारलं होतं आणि तिघांना तिनं. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे दर वेळी पोहे मीच करायचे. सहावा मुलगा नाशिकरोडचा, छापखान्यात कारकून. पोहे खाऊन झाल्यावर त्यानं आपली ताटली आपण उचलून आत आणली. आणताना दाराच्या चौकटीला धडकला, पण आणली. वन्सं मला मोरीपाशी म्हणाली, "वहिनी, हा जमला नाही तर पुढचे पोहे तुम्हीच खा आणि तुम्हीच लग्न करा." म्हणजे तिला तो फार आवडला होता. तिच्या तोंडून याहून गोड काही निघत नसे.

मुलाकडून होकार आला. देण्याघेण्याचं बोलायला मुलाचे वडील रविवारी येणार होते. ते शाळेत मास्तर. मास्तर म्हटल्यावर मामंजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी निरोपात कळवून टाकलं की आमची सूनसुद्धा सातवी पास आहे, रोज पेपर वाचते.

त्याच आठवड्यात एका सकाळी पेपरात मोठ्या अक्षरात बातमी आली. पेपर शेजारच्यांचा, त्यांचा वाचून झाला की आमच्याकडे यायचा, चहाच्या कपाचा गोल घेऊन. मी वाचलं, "रशियाची मानवसहित गाडी चंद्रावर."

मामंजी ताठ बसले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा तेच वाचलं. खाली बरंच होतं, आठ चाकं, वर झाकण, पण त्यात जोडाक्षरं फार होती आणि मामंजींना धीर नव्हता. त्यांनी कोट चढवला आणि गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर जाऊन सांगून आले, "अमेरिकेचा पायी हिंडला. आमचा गाडीत बसून हिंडतोय."

मी विचारलं, "मामंजी, आमचा म्हणजे कुणाचा? आपलं तिथं काय आहे?"

"सूनबाई, तुला राजकारण कळत नाही."

ते खरंच होतं. चंद्र काय जकात नाका आहे, की आधी पोचेल त्यानं पावती फाडावी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

रविवारी मास्तर आले. बारीक माणूस, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत मिशी, म्हणजे नव्हतीच. बोलणं तासाभरात उरकलं. गुरुवारी आमच्या घरी साखरपुडा ठरला. मी चहा ठेवला आणि मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात मास्तरांनी कोटावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"तुम्ही रशियावाले वाटतं?"

"आहोतच. आणि तुम्ही?"

"आमच्या वर्गात अमेरिकेच्या चांद्रवीरांचा फोटो आहे. मी स्वतः चौकट केली."

"काढा तो आता. आमचा माणूस गाडी घेऊन उतरलाय."

मास्तर हसले. "त्या गाडीत माणूस नाहीये. रिकामी आहे ती."

"रिकामी गाडी चालेल कशी?"

"इथून बसल्या जागी चालवतात. माणूस पाठवायची छाती नाही, म्हणून गाडी पाठवली."

"आमच्या सूनबाईनं पेपरात वाचलंय. सातवी पास आहे ती."

"मीही वाचलंय. मी सातवीला शिकवतो."

मामंजींचा आवाज चढला. "त्या गाडीत माणूस नसेल, तर ही मिशी उतरवीन."

"मग वस्तऱ्याला धार लावून ठेवा," मास्तर म्हणाले आणि चहा न घेता उठले. साखरपुडा मोडला नाही, पण चहा तसाच राहिला. आमच्याकडे याचा अर्थ बरा धरत नाहीत. वन्संनं तो कप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. म्हणाली, "ह्या रशियाला काही कामधंदा आहे की नाही?"

ह्यांनी सोमवारी कारखान्यात दुभाष्याला धरून त्या बिल्लेवाल्या इंजिनिअरला विचारलं. संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, "बाबा, गाडीत कोणी नाही. तो इंजिनिअर तर इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं."

मी ताट सोडून उठले. पेपर फळीवर डब्यांखाली अंथरला होता. डबे काढले, दिवा जवळ घेतला आणि पाहिलं. मानवरहित. र होता. मी त्याला स वाचलं होतं. चहाच्या डागाला दोष देता आला असता, पण डाग चांगला चार बोटं लांब होता. खरं सांगायचं तर 'रहित' हा शब्दच मला ठाऊक नव्हता. लग्नपत्रिकेत 'सहित' असतं. रहित कोणी कुणाला बोलवत नाही.

मी मामंजींना म्हटलं, "चूक माझी आहे. मास्तरांना सांगून टाकते."

"काही सांगायचं नाही."

"का?"

"तू सातवी पास आहेस असं मी कळवलंय. आता चौथी निघाली, तर ते म्हणतील, हा माणूस सुनेचं खोटं सांगतो, तर मुलीचं काय काय खोटं सांगितलं असेल." आणि मुलीचंही सांगितलं होतं. वय दोन वर्षं कमी. "मिशी माझी आहे. ती गेली तर उगवेल. हे स्थळ गेलं तर नाही."

हे मात्र बरोबर होतं. मी डबे पुन्हा पेपरावर मांडले.

गुरुवारी सकाळी मामंजी कोणाला न सांगता बाहेर पडले. नेहमीचा न्हावी विचारत बसेल म्हणून ते थेट रामकुंडावर गेले. आता रामकुंडावर न्हाव्यापुढं सकाळी कोण बसतं? ज्याच्या घरचं कोणी गेलंय तो. तिथले न्हावी काही विचारत नाहीत, ती त्यांची रीत. मामंजी डोळे मिटून बसले आणि एवढंच म्हणाले, "उतरव." त्यानं उतरवलं. आधी डोकं, मग मिशी. डोक्यावर गार लागलं तेव्हा मामंजींनी डोळे उघडले, पण तोवर अर्धं शेत कापून झालं होतं. वर एक भटजी येऊन सांत्वन करून गेले आणि दक्षिणा घेऊन गेले.

ते घरी आले तेव्हा मी पुरण वाटत होते. हे म्हणाले, "बाबा, पैज मिशीची होती. डोकं कशाला?"

"व्याज," मामंजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

दहा मिनिटांत शेजारीण आली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलंभाकरी घेऊन. दारात पुरणाचा वास आल्यावर ती गोंधळली. भांडं ठेवावं की परत न्यावं, तिला कळेना. मी म्हटलं, "ठेवा, पाहुणे जास्त आहेत." टोपी शोधली तर ती जुनी, डोक्यावरून खाली कानांपर्यंत घसरायची. केस गेल्यावर डोकंही लहान होतं हे मला तेव्हा कळलं. आणि टोपीनं ओठ थोडाच झाकतो.

अकराला पाहुणे आले. मुलगा, मास्तर, त्यांच्या घरची मंडळी आणि पुढं मास्तरांची थोरली बहीण. ती नामपूरची, बोलीही तिकडचीच, नऊवारी नेसलेली, हातात पेढ्यांचा पुडा. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला, मामंजींकडे पाहिलं आणि तो पाय मागं घेतला.

"कोन गयं?"

मामंजींनी टोपी खाली ओढली.

"घरमा सुतक शे," ती भावाकडे वळून म्हणाली, "अन् हाई पेढा कसाले?" तिनं पुडा पदराआड घेतला. बाकीचे तिच्या मागं अंगणातच थांबले. मास्तर मामंजींच्या ओठाकडे पाहत होते. पैज त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती हळूहळू परत आली, तेही दिसलं. पण बहिणीपुढं ते बोलेनात. मामंजीही बोलेनात. सांगायचं तर माझी चौथी सांगायला लागणार होती.

आतल्या दारात वन्सं उभी होती, हिरवी साडी, गजरा. मला म्हणाली, "वहिनी, ते चालले."

मी हात पुसले आणि बाहेर आले. "आत्याबाई, कोणीच गेलं नाही. कोणीच गेलं नाही म्हणून तर मिशी गेली."

"म्हंजे?"

"रशियाची गाडी चंद्रावर गेली. त्यात माणूस गेला असं मी वाचलं. तो गेला नव्हता. मी चौथी शिकलेय, सातवी नाही. र ला स वाचलं. मामंजींनी त्यावर मिशी लावली आणि हरले. डोकं रामकुंडाच्या न्हाव्यानं आपल्या मनानं केलं. सुतक नाही, आत पुरण गार होतंय."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "गाडी गयी, अन् हाकणारा घरच शे?"

"हो."

"आमना गडीबी असाच शे," ती म्हणाली. "बैल शेतमा, हाऊ खाटवर." आणि ती हसायला लागली. हसता हसताच उंबरा ओलांडून आत आली. पण मास्तर अजून अंगणातच होते.

"पेपर आहे का?" त्यांनी विचारलं.

मी डब्यांखालून काढून दिला. त्यांनी पाहिला, हळदीचे डाग पाहिले, चहाचा गोल पाहिला. "छपाई चांगली आहे," ते म्हणाले. "र स्वच्छ आहे." मग मामंजींकडे वळले. "सूनबाईंचे तीन वर्ग वाढवलेत. आणखी काही वाढवलंय?"

"वाढवलं नाही," वन्सं आतून म्हणाली, "कमी केलंय. वय. मी सव्वीस आहे, चोवीस नाही."

मामंजींनी टोपी आणखी खाली ओढली. मला वाटलं, संपलं. तेव्हा त्या मुलानं खिशात हात घातला आणि जाड भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"आईनं सांगितलं होतं, पाहायला जाताना लावू नकोस," तो म्हणाला.

वन्संनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही मला पाहिलंच नाहीत?"

"आवाज ऐकला होता."

"आणि तरी हो म्हणालात?"

"हो."

मास्तर चप्पल काढून आत आले. साखरपुडा झाला. शेजारणीचं पिठलंसुद्धा संपलं.

आत्याबाईंनी एकच अट घातली, की व्याह्याला मिशी फुटल्याशिवाय लग्न लावायचं नाही, लोक काय म्हणतील. पौषात लग्नं होत नाहीतच, म्हणून माघातली तिथी धरली. मी रोज सकाळी मामंजींच्या ओठाला खोबरेल लावायला सांगायचे आणि ते लावायचे. लग्नाच्या दिवशी मिशी दातांच्या ब्रशाएवढी झाली होती.

त्याच सुमारास अमेरिकेची आणखी दोन माणसं चंद्रावर उतरली. पेपरात होतं, की ह्या खेपेला त्यांनी सामान ठेवायला हातगाडी नेली होती आणि ती हातानं ओढली. हे मी तीनदा वाचलं, एकेक अक्षर सुटं करून, मगच मामंजींना ऐकवलं. लग्नाच्या मांडवात दोघं व्याही शेजारी शेजारी उभे होते. अंतरपाट धरलेला. भटजींनी मंगलाष्टकांसाठी घसा साफ केला, तेवढ्यात मामंजी मास्तरांच्या कानाशी वाकले, पण आवाज जकात नाक्यावरचा, सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"हातगाडी?"

"माणसं होती सोबत," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतो. आमची गाडी आपली आपण चालते. तुमच्याकडे माणसं आणि हमाली दोन्ही."

"लावा पैज."

"कशाची? तुम्हाला मिशीच नाही."

भटजी थांबले. अक्षता मुठीत घेऊन लोक थांबले. अंतरपाटाआडून वन्संचा आवाज आला.

"बाबा, आधी मला जाऊ द्या. मग तुम्ही जा कुठं जायचं ते."

भटजींनी सुरुवात केली.